कुडचीचा कृष्णा पूल: माहितीफलकावर वर्ष कोणतं लिहायचं?

कृष्णाकाठ

नमस्कार मंडळी. उगार खुर्द आणि कुडची या स्टेशनांच्या मधे कृष्णेवर रेल्वेचा पूल आहे. आपल्या भागातल्या एका वाचनालयासाठी त्याचा मराठी-कन्नड माहितीफलक करायचा आहे. फलक तीन बाय चार फुटांचा, म्हणजे मजकूर जेमतेम शंभर-सव्वाशे शब्दांचा. त्यात चूक जायला नको, कारण पुढची वीस वर्षं पोरं तेच वाचणार.

अडलंय ते असं. पुलाचं वर्ष जो तो वेगळं सांगतो. पाया विहिरी उतरवून केलाय की थेट खडकावर, याबद्दलही दोन मतं आहेत. मूळ लाईन मीटरगेजची (दोन रुळांत एक मीटर अंतर), आज धावते ती ब्रॉडगेज (जास्त रुंद). मग तोच पूल रुंद गाडीला चालला कसा? शिवाय दोन गोष्टी सगळीकडे ऐकायला मिळतात: पुलाच्या दगडांत शिसं ओतलंय, आणि शंभर वर्षं झाल्यावर 'पुलाची मुदत संपली' म्हणून विलायतेहून पत्र आलं. यातलं फलकावर काय घ्यावं, काय टाळावं? जाणकारांनी कारणांसकट सांगावं ही विनंती.

मिरज-लोंढा

पुलाच्या आधी लाईन समजून घ्या, म्हणजे वर्षाचा घोळ अर्धा सुटेल.

१८७६–७८ च्या दुष्काळात बेळगाव, धारवाड आणि तेव्हाचा कलादगी जिल्हा होरपळून निघाला. बंदरावर धान्य उतरलं तरी आत आणायचं कसं? बैलगाडीनं आणावं तर वाटेत बैलांनाच चारा-पाणी नाही. १८८० च्या फॅमिन कमिशननं दुष्काळी मुलखात रेल्वे वाढवण्यावर भर दिला. त्याच धोरणातून १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी उभी राहिली. गेज ठरला एक मीटरचा, कारण खर्च कमी: रूळ हलके, भराव अरुंद, वळणं जास्त तीव्र घेता येतात आणि पुलाचे गर्डरही, म्हणजे खांबांवर आडव्या टाकलेल्या लोखंडी तुळया, हलके लागतात. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा, तिसऱ्या प्रश्नाचं मूळ तिथंच आहे.

१८८७ मध्ये बेळगावला रेल्वे आली. मार्मागोव्याहून कॅसलरॉकपर्यंतची पोर्तुगीज हद्दीतली लाईन १८८८ ची. पुणे-मिरज-बेळगाव-लोंढा हा मार्ग तुकड्या-तुकड्यांनी खुला होत १८९० पर्यंत सलग झाला. लोकांच्या तोंडी वेगवेगळी वर्षं येतात ती यामुळेच. एक जण बेळगाव स्टेशनचं वर्ष सांगतो, दुसरा पुण्यापर्यंत गाडी गेली ते. यातलं कोणतंही वर्ष थेट 'पूल बांधल्याचं वर्ष' म्हणून लिहू नका.

आणखी एक फसगत होते. बेळगाव जिल्ह्याचं इंग्रजी गॅझेटियर १८८४ चं आहे. ते लाईन सुरू होण्याआधी छापलं गेलं, म्हणून गाडी धावणाऱ्या पुलाचं वर्णन त्यात शोधू नये. त्यात सापडेल ते नदी, उतार, बाजार आणि होड्यांच्या वाहतुकीचं.

पूल इथंच एवढा मोठा का, हेही फलकावर यायला हवं. उगारला पोचेपर्यंत कृष्णेत कराडला कोयना, हरिपूरला वारणा, नरसोबाच्या वाडीला पंचगंगा आणि येडूरच्या बाजूला दूधगंगा मिळालेली असते. सह्याद्रीच्या एवढ्या मोठ्या घाटमाथ्याचा पाऊस या एका पात्रातून जातो. पुढे बेळगाव-लोंढ्याकडे जाताना हीच लाईन घटप्रभा, मार्कंडेय आणि मलप्रभाही ओलांडते, पण पाण्याच्या मानानं कृष्णेचं ओझं वेगळंच.

कंपनीची नावंही नीट लिहा. १ जानेवारी १९०८ पासून मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे, १ एप्रिल १९४४ पासून कारभार सरकारकडे, १९५१ ला दक्षिण रेल्वे, २ ऑक्टोबर १९६६ ला दक्षिण मध्य आणि १ एप्रिल २००३ पासून नैऋत्य रेल्वे. 'ब्रिटिश सरकारनं बांधला' असं सरसकट लिहिण्यापेक्षा 'सदर्न मराठा रेल्वे कंपनीच्या मार्गावर' हे जास्त बिनचूक.

दगड-चुना

पायाबद्दल लिहितो. दोन्ही मतं का पडतात हे समजलं की नदीकाठावरून पाहूनही बरंच कळतं.

मोठ्या नद्यांवरचे त्या काळातले पूल म्हटलं की लोकांना विहीर-पायाच आठवतो, कारण गाजलेले पूल खालच्या मुलखातले. याच कृष्णेवर बेझवाड्याचा (आजचं विजयवाडा) पूल १८९३ चा, ३०० फुटांचे १२ गाळे, म्हणजे खांबा-खांबांमधले टप्पे. गोदावरीवर राजमहेंद्रीचा हॅवलॉक पूल १९०० चा, १५० फुटांचे ५६ गाळे. तो १९९७ मध्ये वाहतुकीतून निघाला. तिथं नदीनं शतकानुशतकं वाळू आणून टाकलीय. खडक हाताला लागत नाही, म्हणून विहीर खोल उतरवावी लागते.

आपल्याकडे रायबाग-अथणी पट्टा दख्खनच्या काळ्या पाषाणाचा. काठावर काळी माती भरपूर, पण पात्रात खाली बेसॉल्ट. अशा जागी पहिली पसंती उघड्या पायाला, म्हणजे पाणी अडवून खडकापर्यंत खणायचं आणि त्यावरच चिरेबंदी उठवायची. मात्र एका पुलाला सगळीकडे एकच पाया असतो असंही नाही. मधल्या खांबांना खडक वर मिळतो आणि काठाजवळ गाळाचा थर जाड असला तर तिथं विहीर घेतात. त्यामुळे दोन माणसांनी दोन वेगळे खांब पाहिले असतील तर दोघंही खरं बोलत असतील.

खडकावरच्या पायाचं काम असं चालायचं. पावसाळ्यानंतर पाणी उतरलं की खांबाच्या जागेभोवती मातीचा बांध घालायचा, आतलं पाणी उपसायचं, गाळ आणि मुरूम काढायचा, मऊ झालेला खडक फोडून पक्का दगड उघडा करायचा. तो उतरता असेल तर पायऱ्या पाडून सपाट बैठका करायच्या, नाहीतर खांब घसरायला वाव राहतो. पहिला पूर यायच्या आत चिरेबंदी पाण्याच्या वर आली पाहिजे. एक हंगाम चुकला की बांध वाहून जातो आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून.

यात फसतं कुठं? बेसॉल्ट हा लाव्हाच्या एकावर एक थरांचा. दोन थरांमधे कधीकधी तांबड्या मातीचा मऊ पट्टा असतो. वरचा दगड खणखणीत वाजतो, पण चार-पाच फुटांखाली तांबडी माती. वरच्या पातळ थरावर खांब उभा केला आणि पुराच्या पाण्यानं कडेनं ती माती खाल्ली तर वरचा दगड अधांतरी राहतो. म्हणून पहार वाजवून विश्वास ठेवायचा नाही, छिद्र पाडून खालचा थर बघायचा. हा नियम आजच्या पुलांनाही तेवढाच लागू.

आता विहीर-पाया. तळाला लोखंडी धारेचं कडं ठेवायचं, त्यावर विटांची किंवा दगडाची गोल भिंत चढवायची, आणि विहिरीच्या आतली वाळू काढत जायचं. भिंतीच्या वजनानं विहीर आपोआप खाली बसते. घर्षणानं अडली तर वर रूळ रचून वजन वाढवायचं. भिंतीत उभे लोखंडी गज असतात. ते नसले तर वरचा भाग अडकून खालचा सुटतो आणि विहीर मधेच तुटते.

बिघाड नेहमीचे दोन. पहिला, विहीर तिरकी होणं. एका बाजूला धोंडा, लाकडाचा ओंडका किंवा चिकणमाती लागली की ती बाजू अडते आणि दुसरी उतरत राहते. उपाय म्हणजे जी बाजू वर राहिली तिकडची माती आधी काढायची, वजनही त्याच बाजूला टाकायचं आणि हे सगळं विहीर थोडी उतरलेली असतानाच करायचं. खोल गेल्यावर ती हलत नाही. रस्तेपुलांच्या आजच्या नियमात कल ८० ला १ आणि सरक १५० मिमी एवढीच सूट आहे. दुसरा बिघाड, आतलं पाणी घाईनं उपसलं की बाहेरच्या पाण्याच्या दाबानं तळातून वाळू उसळून आत येते आणि विहीर धाडकन खाली जाते. त्यातच माणसं दगावायची. म्हणून आत पाणी ठेवूनच वाळू काढायची आणि तळाचं काँक्रीटही पाण्याखालीच सोडायचं. ते घट्ट झाल्यावर आत वाळू भरून वर झाकण घालायचं.

ओळखायचं कसं? मे महिन्यात पाणी खाली असताना काठावरून दुर्बिणीनं बघा. खांबाच्या बुडाशी गोल, लंबगोल किंवा दोन गोल जोडल्यासारखं रुंद जोतं दिसलं तर बहुधा विहीर. चौकोनी पायऱ्या थेट खडकात शिरताना दिसल्या तर उघडा पाया. बंधाऱ्याचं पाणी तुंबलेलं असेल तर काहीच दिसणार नाही, त्या वर्षी अंदाज करू नका. पुलावर चढून बघायचा मोह मात्र नको. रेल्वे कायदा १९८९ च्या कलम १४७ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय गर्डरच्या पुलावर गाडी आली तर उभं राहायला जागा नसते.

चुन्याबद्दल थोडं, कारण फलकावर हे लोकांना आवडेल. आपल्या काळ्या मातीत जी चुनखडीची खडी सापडते ती भाजून निघणाऱ्या चुन्यात मातीचा अंश असतो, त्यामुळे तो ओलाव्यातही घट्ट होतो. शुद्ध पांढरा चुना तसा होत नाही. त्यात विटांची भुकटी, म्हणजे सुरखी, घालावी लागते. मिश्रण बैलानं फिरवायच्या घाण्यात मळायचे. जुन्या पुलांचे सांधे शंभर वर्षं टिकतात त्याचं श्रेय या मळणीला आणि घट्ट बसवलेल्या चिऱ्याला.

कृष्णाकाठ

फारच उपयोगी. तांबड्या मातीच्या पट्ट्याचं तर कुणी कधी बोललंच नव्हतं. गर्डर आणि शिशाचं राहिलं. आणखी एक: कुडचीच्या बाजूला जुन्या रुळांचे खांब कुंपणाला वापरलेत, त्यांवर वर्ष कोरलेलं असतं म्हणे. ते पुलाचं वर्ष धरता येईल का?

रुळकरी

रुळावरचं वर्ष पुलाचं धरू नका. ते कारखान्यात रूळ लाटल्याचं वर्ष. रूळ झिजला की मुख्य लाईनवरून साईडिंगला (बाजूच्या लाईनला) आणि तिथून कुंपणाला जातो, तोही कुठल्या कुठल्या स्टेशनवरून. त्यावर कारखान्याचं नाव आणि वजन वाचायला मिळालं तर वेगळी नोंद ठेवा: एका यार्डाला (तीन फुटांना) ५० पौंड म्हणजे मीटरला सुमारे २५ किलो. आज मुख्य मार्गावर ६० किलोचा रूळ असतो. एवढी एक तुलनाही पोरांना बरंच सांगून जाते.

आता मीटरगेजचा पूल ब्रॉडगेजला कसा चालतो ते. सरळ उत्तर: खांब चालू शकतात, गर्डर बहुतेक चालत नाहीत.

मीटरगेज १००० मिमी, ब्रॉडगेज १६७६ मिमी. रूळ गर्डरच्या डोक्यावर स्लीपर (आडव्या पट्ट्या) टाकून बसवलेले असतात. रूळ बाहेर सरकले की दोन गर्डरमधलं अंतरही वाढवावं लागतं, नाहीतर स्लीपरवर उलटा ताण येतो आणि गाडी डोलते. त्याहून मोठी अडचण वजनाची. मीटरगेज मेन लाईनच्या मानकात आसाचा भार (चाकांच्या एका जोडीवरचं वजन) १३.२ टन. ब्रॉडगेजच्या १९२६ च्या मानकात २२.९ टन, १९८७ च्या मानकात २५ टन. म्हणजे जवळपास दुप्पट. तेवढं सोसणारा गर्डर १८८० च्या दशकात मीटरगेजसाठी कुणी बनवला नसता.

मिरजेपर्यंत ब्रॉडगेज १९७१ मध्ये आली, मिरज-लोंढा मात्र १९९० च्या दशकात झाली. मधल्या काळात बेळगावकडच्या प्रवाशाला मिरजेला गाडी बदलावी लागायची. अशा रूपांतरात इंजिनिअरपुढे दोन वाटा असतात: शेजारी नवा पूल, किंवा जुने खांब पक्के करून त्यांवर नवे गर्डर.

दुसऱ्या वाटेचं काम असं चालतं. आधी खांबांची तपासणी: उभ्या भेगा, सुटे चिरे, सांध्यातून झिरपणारा चुना. मग चुन्याची चिरेबंदी सिमेंट-पाण्याच्या पातळ मिश्रणानं भरतात. २५ मिमीची छिद्रं आलटून-पालटून अर्धा ते पाऊण मीटरवर पाडायची आणि चौरस सेंटिमीटरला २ ते ४ किलोच्या दाबानं हे मिश्रण आत सोडायचं. दाब वाढवला तर चिरेच बाहेर ढकलले जातात. भेगा जास्त असल्या तर खांबाभोवती सळईच्या काँक्रीटचा अंगरखा. त्यानंतर वरचा दगडी बैठकीचा ठोकळा (ज्यावर गर्डर टेकतो तो) काढून सळईच्या काँक्रीटचा बसवायचा, कारण जड गाडीचा सगळा भार त्या हातभर जागेतून खाली उतरतो आणि पहिली भेग तिथंच पडते. शेवटी वाहतूक बंद ठेवून जुना गर्डर जॅकनं उचलून आडवा सरकवतात आणि शेजारी तयार ठेवलेला नवा त्याच्या जागी ओढतात. सुरुवातीला गाड्या अगदी सावकाश सोडायच्या, बैठका स्थिर झाल्या की वेग वाढवायचा.

म्हणून बाहेरून बघताना तीन खुणा एकत्र धरा. दगडी खांबावर काँक्रीटचं डोकं असेल तर गर्डर नंतरचा. पात्रात बिनगर्डरचे थोटे खांब शेजारी उभे असतील तर मार्गच सरकवलेला. खांब नखशिखांत काँक्रीटचे असतील तर तो नवा पूल, दुहेरीकरणातला (दुसरी लाईन टाकताना बांधलेला) असू शकतो; त्याचा फोटो जुन्याच्या नावावर लावू नका.

गाळ्याच्या मापावरून वय काढणारे बरेच फसतात. गाळा भरला ३०.५ मीटर, म्हणजे बरोबर १०० फूट, म्हणजे इंग्रजांचा, असा हिशेब करतात. पण भारतीय रेल्वेची आजची मानक मापंसुद्धा फुटांतूनच आलीत: १२.२, १८.३, २४.४, ३०.५, ४५.७ मीटर म्हणजे ४०, ६०, ८०, १००, १५० फूट. रिव्हेटचंही तसंच, स्वातंत्र्यानंतरही कितीतरी वर्षं गर्डर रिव्हेटनं जोडले गेले. भरवशाचा पुरावा एकच, गर्डरवरची कारखान्याची पाटी. तीही ब्रिज रजिस्टरशी, म्हणजे रेल्वेच्या पुलांच्या नोंदवहीशी, ताडून बघावी, कारण एका पुलावरून काढलेला गर्डर दुसरीकडे वापरायची पद्धत आहे.

शिशाची गोष्ट निराधार नाही. बैठकीचे बोल्ट दगडात छिद्र पाडून बसवायचे आणि भोवती वितळलेलं शिसं ओतायचे. गर्डरच्या पत्र्याखाली शिशाचा पातळ थर घालायचे, म्हणजे खडबडीत दगडावर भार सारखा पसरतो. पण चिऱ्यांचे सगळे सांधे शिशानं भरलेत असं नसतं, ते चुन्याचेच.

याच बैठकीवर गर्डरचं एक टोक पक्कं आणि दुसरं मोकळं असतं. ३०.५ मीटरचा गर्डर तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर सुमारे १५ मिमी लांबतो. मोकळी बैठक गंजून जाम झाली तर तो १५ मिमी खांबाच्या डोक्याला ढकलतो. म्हणून बैठका उचलून ग्रीस घालणं हे देखभालीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम.

मुदतीच्या पत्राची गोष्ट मात्र घेऊ नका. पुलाला औषधाच्या बाटलीसारखी तारीख नसते. दरवर्षी पावसाळ्यानंतर सहायक अभियंत्यानं प्रत्येक पूल तपासायचा आणि स्थितीची नोंद करायची अशी रीत आहे. पूल ठेवायचा की काढायचा हे त्या नोंदींवरून आणि भाराच्या हिशेबावरून ठरतं. १८९५ पूर्वीच्या पोलादात फॉस्फरस जास्त असू शकतो आणि ते ठिसूळ असतं, म्हणून असे गर्डर कुठे असतील तर त्यांची तपासणी जास्त वेळा होते. 'जुनं लोखंड म्हणजे जास्त मजबूत' हेही फलकावर नको.

अथणी-दप्तर

वर्षासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करा. अंदाजापेक्षा ते सोपं आहे. हुबळी विभाग, नैऋत्य रेल्वे, जनमाहिती अधिकारी यांच्या नावे. शुल्क १० रुपये, पोस्टल ऑर्डरनं किंवा केंद्र सरकारच्या पोर्टलवरून. उत्तराची मुदत ३० दिवस.

'पुलाची सर्व माहिती द्यावी' असं लिहिलं की अर्ज अडतो. उगार खुर्द ते कुडची दरम्यानचा कृष्णेवरचा पूल, असा उल्लेख करून पुलाचा क्रमांक टाका. मग नेमकं मागा: ब्रिज रजिस्टरमधला बांधकाम वर्षाचा उतारा, गाळ्यांची संख्या व माप, प्रत्येक खांबाच्या पायाचा प्रकार, गर्डर बदलल्याचं वर्ष, नोंदलेली सर्वोच्च पूरपातळी. नकाशे मागू नका, सुरक्षेचं कारण देऊन नाकारू शकतात. कागद जुने असतील तर प्रत मागण्याऐवजी पाहणी मागा. पहिला तास मोफत, पुढे तासाला ५ रुपये, प्रतीला पानामागे २ रुपये.

लाईनसाठी जमीन घेतल्याचे कागद हवे असतील तर लक्षात घ्या, ही लाईन एका सत्तेच्या मुलखातून गेलेली नाही. मिरज पटवर्धनांचं, रायबाग कोल्हापूर संस्थानात, अथणी-चिकोडी इंग्रजी बेळगाव जिल्ह्यात. म्हणून एकाच ठिकाणी सगळे कागद मिळणार नाहीत. इंग्रजी मुलखाचे मुंबईच्या पुराभिलेखागारात, संस्थानाचे कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात. कोल्हापूरचे जुने कागद मोडी लिपीत असतील, वाचणारा सोबत घ्या.

कृष्णाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. अर्ज या आठवड्यातच टाकतो. तोवर पहिला मसुदा:

'कृष्णेवरचा हा रेल्वे पूल सदर्न मराठा रेल्वे कंपनीच्या पुणे–लोंढा मीटरगेज मार्गावर बांधला गेला. हा मार्ग १८९० पर्यंत सलग झाला. कोयना, वारणा, पंचगंगा आणि दूधगंगेचं पाणी घेऊन कृष्णा येथे येते. १९९० च्या दशकात मार्ग ब्रॉडगेज झाला. पाया: ____. खांब: ____. सध्याचे गर्डर: ____.'

तीन रकाने रजिस्टरचा उतारा आल्यावर भरतो.

रुळकरी

रकाने वेगळे ठेवलेत हे उत्तम. दोन दुरुस्त्या. 'हा पूल' ऐवजी 'या जागी पहिला पूल' लिहा, कारण शेजारी दुसरा उभा असला की वाचणारा चुकीच्या पुलाकडे बोट दाखवतो. आणि कन्नड मजकुरात फुटाचं माप देणार असाल तर मराठीतही फूटच ठेवा, एकीकडे मीटर आणि एकीकडे फूट नको.